एका नुक्त्याचा फरक

खालाने हवेत हात पुढे केला आणि चिमटीत काहीतरी धरायचा प्रयत्न केला. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. डोक्यावर दुपट्टा, दुपट्ट्यावरून रबरी पट्टा, डोळ्यांवर पुठ्ठ्याचा डबा आणि त्या डब्यात मोबाईल. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलेल्या बायका तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. खाला मात्र हसत नव्हती.

"ये क्या लटकरा, तसबी के माफिक?" तिने विचारले.

मी म्हणाले, "हौ खाला, तसबीच समझो. इसपेच अपना रंग, अपनी नाक, सब लिखेला है."

सहा महिन्यांत आम्हा दोघींमधले हे पहिले बोलणे होते. ते का बंद पडले होते हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

माझ्या धाकट्या भावाचे लग्न मामूंच्या मुलीशी झाले तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद अम्मीला झाला होता. माहेरची लेक सून होऊन आली. आपल्याकडे चुलत, मावस, मामे, आत्ते अशी सगळीच नाती चालतात. शरीअतने ती जायज ठेवली आहेत, फर्ज केलेली नाहीत. हा फरक आपण सोयीने विसरतो. आणि हे फक्त आपल्यातच आहे असेही नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानणारी मराठी घरे मला पाचोडच्या आसपास आजही भेटतात.

दीड वर्षाने मुलगा झाला. सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत होता. मग पांढराफटक पडू लागला, दूध पिता पिता दमायचा, पोट फुगायचे. गावात तीन-चार महिने टॉनिक चालले. शेवटी संभाजीनगरला तपासणी झाली आणि कागदावर शब्द आला: थॅलेसेमिया मेजर. शरीराला धड हिमोग्लोबिनच बनवता येत नाही. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी भाऊ किंवा भाभी त्याला घेऊन पहाटेची एसटी पकडतात, रक्त चढवून संध्याकाळी परत येतात. चढवलेल्या रक्ताबरोबर शरीरात लोह साचत जाते, ते काळीज आणि यकृत खराब करते, म्हणून ते बाहेर काढणारी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून द्यायची. आता तो अकरा वर्षांचा आहे. क्रिकेटचे सगळे आकडे त्याला पाठ आहेत आणि स्वतःचे हिमोग्लोबिनही.

या अकरा वर्षांत दोष कुणाच्या पदरात पडला असेल, हे वाचक भगिनींना मी सांगायची गरज नाही. भाभीचे दूध हलके होते. भाभीने ग्रहणात भाजी चिरली. भाभीला दिवस असताना कुणाची तरी नजर लागली. यातले निम्मे बोलणे माझ्या अम्मीचे होते, हे लिहिताना हात अडखळतो. पण खरे तेच लिहायचे. भावाला कुणी एका शब्दाने बोलले नाही.

आणि मी? मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा दर वर्षी फळ्यावर चौकोन आखून शिकवते. भाच्याच्या वेळी डॉक्टरांनी सांगितले होते की सख्ख्या भावंडांनीही एकदा रक्त तपासून घ्या. मी ‘हो’ म्हटले आणि दहा वर्षे गेले नाही. माझे हिमोग्लोबिन कायम दहाच्या आसपास असायचे, लोहाच्या गोळ्या खाऊनही वर चढायचे नाही, तरी माझ्या डोक्यात काही वाजले नाही. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायचे वेगळे आणि स्वतःच्या दंडातून रक्त काढून द्यायचे वेगळे.

डोके ठिकाणावर आले ते माझ्या लेकीसाठी खालाने तिच्या नातवाचे स्थळ आणले तेव्हा. मुलगा चांगला, शिकलेला, पुण्यात नोकरीला. खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. तिने मला अंगाखांद्यावर खेळवलेले. मी भीत भीत म्हटले, "खाला, आधी दोघांचे रक्त तपासून घेऊ." खालाचा चेहरा उतरला. आमच्या रक्तात खोट काढतेस का, असे म्हणाली आणि पुढे ठेवलेला शीरखुर्मा तसाच सोडून उठली. त्यानंतर बोलणे बंद. लग्नाकार्यात समोर आली तरी सलाम भिंतीला.

गोष्ट अशी अडली असताना माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत घरी आला. तो पुण्यात संगणकाचे काम करतो. त्याने शाळेला हा पुठ्ठ्याचा डबा भेट दिला. दोन भिंगे, त्यामागे मोबाईल ठेवायची खाच. मोबाईलच्या पडद्यावर दोन चित्रे शेजारी-शेजारी येतात, दोन्हींत बारीकसा फरक, आणि मेंदू ती जोडून एकच खोल जग तयार करतो. मान डावीकडे वळवली की चित्रही वळते, म्हणून आपण त्या जागेच्या आत उभे आहोत असे वाटते. गूगलने २०१४ मध्ये असा पुठ्ठ्याचा चष्मा काढला, तेव्हापासून ही वस्तू गरिबाच्या आवाक्यात आली. एक अडचण मात्र आधी सांगून ठेवते: मोबाईलमध्ये वळण ओळखणारा जायरोस्कोप नावाचा भाग लागतो आणि स्वस्त मोबाईलमध्ये तो बहुधा नसतो. माझ्या मोबाईलवर चित्र जागचे हललेच नाही. शेवटी त्या विद्यार्थ्याचाच मोबाईल दोन दिवस मागून घेतला.

हा चष्मा घालून जनुके पाहायची कल्पना काही आमची नव्हे. ऑक्सफर्डचे संशोधक आणि लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले संगणकावर कलाकृती घडवणारे लोक यांनी मिळून ‘सीसिंथ’ नावाची प्रणाली तयार केली आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या उन्हाळी प्रदर्शनात ती सामान्य लोकांपुढे मांडली. आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा घड्या घालून कोंबलेला असतो. तो कसा दुमडतो यावर कुठले जनुक चालू राहील आणि कुठले बंद, हे बरेचसे ठरते. प्रदर्शनाला आलेल्या माणसांनी डोळ्यांवर चष्मा चढवून हा धागा सगळ्या बाजूंनी न्याहाळला. आणि धागा कुठला निवडला होता? हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकाचा. हे वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले.

कारण ऑक्सफर्डची ती संस्था डेव्हिड वेदरॉल यांच्या नावाने ओळखली जाते. हे इंग्रज डॉक्टर तरुणपणी सक्तीच्या लष्करी सेवेत सिंगापूरला गेले. तिथे एका नेपाळी गुरखा सैनिकाची लहानगी मुलगी त्यांच्या वॉर्डात होती. रक्त चढवले की टवटवीत व्हायची, पुन्हा पांढरी पडायची. कारण कुणाला कळेना. वेदरॉल यांनी शोध घेतला आणि तो थॅलेसेमिया निघाला. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी याच आजारावर घालवले, १९८९ मध्ये ती संस्था उभी केली आणि २०१८ मध्ये ते गेले. गुरखा सैनिकाच्या त्या पोरीपासून निघालेली वाट लंडनच्या प्रदर्शनातून फिरून आमच्या व्हरांड्यात आली, असे मला उगाच वाटत राहते.

आमच्याकडे अर्थातच ऑक्सफर्डची प्रणाली नव्हती. त्या विद्यार्थ्याने पेशीच्या आतली सफर घडवणारी एक चार मिनिटांची चित्रफीत मोबाईलमध्ये टाकून दिली होती. निवेदन इंग्रजीत. मी आवाज बंद केला आणि शेजारी उभी राहून स्वतः बोलायचे ठरवले. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्या दिवशी मुलांच्या आयांना बोलावले. पाचोडच्या बायकांना आरोग्याचे बोलणे नवीन नाही. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने किशोरवयीन मुलींसाठी वर्ग घेतले, मुलींची लग्ने लवकर होऊ नयेत म्हणून काम केले. त्यामुळे हिमोग्लोबिन हा शब्द इथे चुलीपर्यंत पोचलेला आहे. जनुक मात्र पोचलेले नव्हते. चौतीस बायका आल्या. अम्मी आली, भाभी आली. खालाही आली, पण माझ्यासाठी नव्हे. तिच्या पणतीची त्या दिवशी नात होती.

पहिला तास गोंधळातच गेला. रबरी पट्ट्यात केस अडकत. चष्मेवाल्या बायकांना चष्म्यावर चष्मा बसेना. एकीला गरगरले आणि तिला पाणी देऊन झाडाखाली बसवावे लागले. पोटुशी बाईला आम्ही चष्मा दिलाच नाही. मोबाईल इतका तापला की मध्ये दोनदा थांबून त्याला वारा घातला. एक डबा, चौतीस बायका, प्रत्येकीला चार मिनिटे, हिशेब करा. शहरातल्या विज्ञान केंद्रात हे सगळे ऐटीत होत असेल, आमच्याकडे नंबर लावून झाले, रेशनच्या दुकानासारखे.

चित्रफितीत आधी आपण रक्तवाहिनीतून वाहत जातो. दोन्ही बाजूंनी लाल चकत्या सरकतात. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतेच, म्हणून पुढे हाडाच्या पोकळीत शिरायचे, जिथे या पेशी जन्माला येतात. तिथल्या पेशीच्या केंद्रकात गेलो की सगळीकडे धागे लोंबत असतात, आणि धागा जवळून पाहिला तर मण्यांवर गुंडाळलेला. खालाला तसबी दिसली ती इथे. तिची चूक नव्हती; डीएनए खरोखरच प्रथिनांच्या मण्यांवर गुंडाळलेला असतो. मराठीतला ‘गुणसूत्र’ हा शब्द मला इंग्रजी शब्दापेक्षा कितीतरी सरस वाटतो. गुणांचे सूत, आणि त्यात ओवलेले मणी.

मग धाग्यांच्या जोड्या दिसतात. तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतला एक धागा आईकडचा, एक बापाकडचा. हे मी प्रत्येकीच्या कानाशी बोलत होते. अकराव्या जोडीवर हिमोग्लोबिनचे एक जनुक असते. आपल्या देशात थॅलेसेमियाच्या ज्या चुका सापडतात, त्यांतली सर्वांत जास्त आढळणारी चूक एका अक्षराची आहे. एका बाजूच्या धाग्यावर सुमारे तीनशे कोटी अक्षरे, त्यातले एक बदललेले. फळ्यावर मी उर्दूत ‘रहमत’ लिहिले आणि पहिल्या अक्षरावर एक नुक्ता दिला. ‘ज़हमत’ झाली. बायका गप्प झाल्या.

भाभीचा नंबर तेविसावा होता. तिने डबा डोळ्यांना लावला, चार मिनिटे हलली नाही, आणि काढल्यावर मला म्हणाली, "आपा, म्हणजे एक धागा त्यांच्याकडूनही आला?"

मी म्हटले, "दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही. एकट्या आईकडून कधीच नाही."

हे तिला अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितले नव्हते का? सांगितले असणार. रांगेत, घाईत, कागदावर खुणा करत, आणि रडणारे लेकरू मांडीवर असताना. आता तिने ते तीस बायकांसमोर, सासूसमोर मोठ्याने विचारले होते. अम्मीने काही न बोलता डबा मागून घेतला. पाहून झाल्यावर बराच वेळ तो मांडीवर धरून बसली. मग हळूच म्हणाली, नानांच्या घरी दोन लेकरे अशीच पिवळी पडून गेली होती. लोक सुकटी म्हणायचे. खाला तिच्याकडे बघत राहिली. तिलाही ती लेकरे आठवत होती.

माझे मत विचाराल तर चष्म्याचे काम इथे संपले. त्याने दोष धुऊन काढला, आणि ते लहान काम नव्हे. पण ज्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा असतो ती गोष्ट, म्हणजे शक्यता, त्या चष्म्यातून कळत नाही. चित्रफीत दर वेळी तीच असते, तोच धागा त्याच वळणाने येतो. खरे आयुष्य दर वेळी नवी चिठ्ठी काढते.

म्हणून मी फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणले होते. दोन बायका समोरासमोर बसवल्या, एक आई, एक बाप. दोघी वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट. प्रत्येकीच्या मुठीत एक लाल तुकडा, एक काळा. डोळे मिटून एकेक पुढे टाकायचा. दोन लाल आले तर मूल निरोगी. एक लाल, एक काळा आला तर मूल आई-बापांसारखेच वाहक, पण ठणठणीत. दोन काळे आले तर आजार. चारांत एक अशी ही शक्यता. बायका आधी समजल्या की चार मुले झाली तर त्यातले एक आजारी. मग एका जोडीने खेळ खेळला आणि लागोपाठ दोनदा काळे-काळे आले. दुसऱ्या जोडीने सहा वेळा टाकले, एकदाही आले नाही. "दर वेळी तुकडे परत मुठीत जातात," मी म्हटले, "पहिल्या मुलाला झाला म्हणून दुसरे सुटत नाही." हे वाक्य मी वर्गात वीस वर्षे बोलत आले आहे. त्या दिवशी प्रथमच कुणाच्या तरी गळ्याखाली उतरताना पाहिले.

शेतकरी घरांतल्या बायकांना तर उदाहरण घरचेच निघाले. एक जण म्हणाली, संकरित कपाशीचे बी घरी धरून दुसऱ्या वर्षी पेरले की झाडे एकसारखी येत नाहीत, काही उंच, काही खुजी, तेच ना हे? अगदी तेच. लपलेले गुण पुढच्या पिढीत वर येतात. मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवर आठ वर्षे घालवून १८६६ मध्ये जे छापले, ते आमच्या कपाशीच्या वावरात दर दुसऱ्या वर्षी उगवते.

नात्यातल्या लग्नाचा हिशेबही त्यांनीच विचारला. भारतात शंभरातली तीन-चार माणसे थॅलेसेमियाची वाहक आहेत. म्हणजे दोन अनोळखी घरांतला मुलगा आणि मुलगी दोघेही वाहक असण्याची शक्यता साधारण सहाशे ते अकराशेत एक. पण आजोबा वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक मुलाकडे चूक जाण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक नातवाकडे चौथा हिस्सा. चुलत-मामे भावंडांचे लग्न लावले तर दोघेही वाहक असण्याची शक्यता सोळात एक. सहाशे कुठे आणि सोळा कुठे. नाते वाईट नाही, न तपासता जोडलेले नाते वाईट. आणि अनोळखी घरातही तपासणी सुटत नाही. इराणने १९९७ पासून आणि सौदी अरबने २००४ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली आहे. सौदीत अहवाल हातात आल्यावर लग्न करायचे की नाही हे त्या दोघांवर सोडलेले असते. आपल्या सरकारने २०२३ मध्ये सिकलसेलसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यात आदिवासी भागातल्या लोकांचे रक्त तपासले जाते. सिकलसेल हा थॅलेसेमियाचा जवळचा भाऊच.

खाला सगळ्यांत शेवटी उठली. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये तपास कां होता?"

मी सांगितले. साधे रक्त, दंडातून. आधी सीबीसी, त्यात तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या की हिमोग्लोबिन ए-टू मोजायचे. ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेले तर माणूस बहुधा वाहक. पेशी लहान दिसल्या की पुष्कळदा लोहाची कमतरता समजून गोळ्या दिल्या जातात आणि खरी गोष्ट झाकून राहते. माझेच उदाहरण दिले. आयुष्यात एकदा करायची तपासणी, अहवाल जपून ठेवायचा.

त्या आठवड्यात मी आणि लेक संभाजीनगरला गेलो. माझे ए-टू ५.१ आले, लेकीचे ५.४. दोघी वाहक. लेकीने अहवाल वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "अम्मी, तुम्ही तरी दहा वर्षांपूर्वी करायला हवे होते." मी काय बोलणार? परतीच्या एसटीत आम्ही दोघी खिडकीतून मोसंबीच्या बागा बघत बसलो.

पंधरा दिवसांनी खालाच्या नातवाने पुण्यात तपासणी केली. तोही वाहक निघाला.

खालानेच येऊन सांगितले. सोबत मोसंबीची पिशवी होती. अम्मीसमोर बसून ती थोडी रडली. तिची फार इच्छा होती या नात्याची, आणि खरे सांगायचे तर माझ्या लेकीचीही थोडीफार असावी. मी तिला विचारले नाही, तिने सांगितले नाही. ते दोघे तरीही लग्न करू शकले असते. गर्भ राहिल्यावर तपासणीची सोय आहे, पण त्यापुढचे प्रश्न किती कठीण असतात हे त्या दोघांनी फोनवर बोलून ठरवले आणि नको म्हणाले. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली तेव्हा खालाने एका लग्नात सगळ्यांना ऐकू जाईल असे उत्तर दिले, "खून नहीं मिला ऐसा नहीं, जास्तीच मिल गया."

अम्मी आता भाभीला काही बोलत नाही. माफी वगैरे मागितलेली नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. पण रक्ताच्या दिवशी पहाटे डबा तीच भरून देते.

चष्मा शाळेच्या कपाटात आहे. या वर्षी पुन्हा काढला तेव्हा पुठ्ठा एका कोपऱ्याला फाटला होता आणि रबरी पट्टा सैल पडून बायकांच्या नाकावर घसरत होता. भाभीने तो घरी नेला, कोपऱ्याला जाड कापड चिकटवले आणि पट्ट्याच्या जागी सलवारीतले इलॅस्टिक शिवून दिले. आता कुणाच्या केसांत अडकत नाही.